रेषेच्या अलीकडची माणसे

नांदेडहून हिंगोलीकडे निघाले की अर्धापूर मागे पडल्यावर डोंगरकडा लागते. कळमनुरी तालुक्यातले हे गाव नावाने डोंगराच्या कडेचे, पण रस्त्यावरून दिसते ते बागायती शिवार: केळी, ऊस, हळद. या हिरवेपणामागे पैनगंगेवरचे इसापूर धरण आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उभ्या राहिलेल्या या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर आहे आणि त्याच्या कालव्यांचे पाणी हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांत जाते. मात्र कालवा उताराने वाहतो. डोंगराच्या पायथ्याची समपातळी धरून, अगदी नाममात्र उतार देत तो नेलेला असतो. त्याच्या खालच्या अंगाच्या रानाला पाट फुटतो, वरच्या अंगाच्या रानाला तो फुटू शकत नाही. तिथे पाणी चढवायचे तर मोटार हवी, वीज हवी, पाइप हवेत. कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांतल्या डोंगराळ पट्ट्यात, वरच्या अंगाच्या वाड्यावस्त्यांमध्ये, आंध आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. त्यांच्या जमिनीचा, पाण्याचा आणि रानाचा प्रश्न हा या लेखाचा विषय आहे.

आदिवासी म्हटले की गडचिरोलीचे माडिया, नंदुरबारचे भिल्ल-पावरा किंवा पालघरचे वारली डोळ्यांसमोर येतात. आंधांचे तसे होत नाही. ते मराठी बोलतात आणि शेती करतात. त्यांच्यात वरताळी आणि खालताळी असे दोन पोटभाग आहेत. हिंगोली, नांदेड, परभणी, यवतमाळ, वाशीम, अकोला आणि पलीकडे तेलंगणातला आदिलाबाद अशी त्यांची वस्ती पसरली आहे. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर १९५० च्या यादीतच त्यांची अनुसूचित जमात म्हणून नोंद झाली. तरीही शेजारच्या शेतकऱ्याच्या आणि त्यांच्या पेहरावात, बोलण्यात, पिकांत बाहेरच्या माणसाला फरक दिसत नाही. त्यामुळे त्यांचा प्रश्न फार तर गरिबीचा आहे, हक्काचा नाही, असे सहज गृहीत धरले जाते. हे गृहीतक चुकीचे आहे असे माझे म्हणणे आहे. त्याच्या मुळाशी नकाशावरची एक रेषा आहे.

ही रेषा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतली आहे. राष्ट्रपतींच्या आदेशाने काही प्रदेश अनुसूचित क्षेत्र म्हणून जाहीर होतात. तिथे राज्यपालांना विशेष अधिकार असतात, आणि १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रासाठीचा पंचायत विस्तार कायदा, फक्त तिथेच लागू होतो. पेसाने ग्रामसभेला मोठे बळ दिले. भूसंपादनाआधी तिच्याशी सल्लामसलत बंधनकारक झाली, गौण खनिजांसाठी तिची शिफारस लागू लागली, गावाच्या साधनसंपत्तीची आणि रूढी-परंपरांची राखण करण्यास ती सक्षम मानली गेली. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ च्या मार्चमध्ये केले. राज्यातल्या १३ जिल्ह्यांत पूर्ण किंवा अंशतः असे क्षेत्र आहे. मराठवाड्यातून त्यात फक्त नांदेड जिल्हा येतो, आणि तोही १९८५ च्या आदेशात घेतलेल्या त्या वेळच्या किनवट तालुक्यातल्या गावांपुरता. माहूर तालुका पुढे त्यातूनच वेगळा झाला. हिंगोली जिल्हा त्या यादीत नाही. कळमनुरीत एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, म्हणजे योजनांच्या भाषेत हा आदिवासींचा भाग आहे. पाचव्या अनुसूचीच्या भाषेत तो तसा नाही. एकाच जमातीची माणसे, एकाच पैनगंगेच्या खोऱ्यात, एक कळमनुरीत आणि दुसरा माहुरात. पहिल्याच्या ग्रामसभेला पेसाचा आधार नाही, दुसऱ्याच्या ग्रामसभेला आहे.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी निजामाच्या काळात जावे लागते. त्या वेळी हिंगोलीचा भाग परभणी जिल्ह्यात होता आणि किनवट व राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यात. आदिलाबादच्या जंगलात राखीव वनांच्या हद्दीचे मुनारे उभे राहिले, मुनाऱ्यांच्या आत सापडलेली गोंड-कोलामांची शेते बेकायदा ठरली, पट्टे सावकार आणि बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांच्या नावावर चढले. कुमराम भीम या गोंड तरुणाच्या नेतृत्वाखाली जोडेघाटला उठाव झाला आणि १९४० मध्ये संस्थानच्या पोलिसांच्या गोळीबारात भीम मारले गेले. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्यांच्या नावाशी जोडली जाते. उठावाने हादरलेल्या निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला कारणे शोधायला पाठवले. त्यांच्या अहवालांनंतर आदिवासी क्षेत्रासाठी वेगळा कायदा झाला आणि हजारो कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. पुढे घटनेनुसार अनुसूचित क्षेत्रे ठरली तेव्हा हैदराबाद राज्यातून आदिलाबादची गावे आत आली. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा आपल्याकडे आले ते ही ओळख घेऊनच. परभणी जिल्ह्यात जोडेघाट घडले नव्हते. ढेबर आयोगाने १९६०-६१ मध्ये मांडलेले निकष, म्हणजे आदिवासींची बहुसंख्या, सलग आणि पुरेसा मोठा प्रदेश, प्रशासनाला सोयीचा घटक, आर्थिक मागासलेपण, हे इतर समाजांच्या गावांत मिसळून राहणाऱ्या आंधांना लावले तर पहिल्या दोन अटींवरच ते अडतात. माझ्या मते ही रेषा गरजेने आखलेली नाही, इतिहासाने आखलेली आहे. जिथे बंड झाले तिथे संरक्षण आले. जिथे माणसे मुकाट्याने जमीन गमावत राहिली तिथे ते आले नाही.

पण या अन्यायाची चर्चा इथेच थांबली तर दुसरी चूक होते. पेसा नाही म्हणजे काहीच नाही, अशी समजूत रूढ झाली आहे आणि ती अधिकाऱ्यांना सोयीची आहे. खरे तर आदिवासींच्या हातातली सर्वांत धारदार साधने या रेषेवर अडत नाहीत. त्यातले पहिले जमिनीचे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतले कलम ३६-अ आणि १९७४ चा अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याबाबतचा कायदा ही दोन्ही राज्यभर लागू आहेत. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जी जमीन बिगरआदिवासीकडे गेली ती ठरावीक अटींवर परत देण्याची तरतूद या कायद्याने केली. त्या तारखेनंतर आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, आणि विक्रीसारख्या व्यवहाराला राज्य शासनाची मान्यताही. हा कायदा व्यवहारस्वातंत्र्यावर घाला आहे म्हणून न्यायालयात आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ च्या डिसेंबरमध्ये लिंगप्पा पोचन्ना खटल्यात तो वैध ठरवला. दुर्बळाला सबळाशी करार करण्याचे स्वातंत्र्य दिले की त्यातून दुर्बळाची लूटच होते, आणि सामाजिक न्यायासाठी कायदेमंडळ असे जुने व्यवहार उलटवू शकते, असा त्या निकालाचा गाभा आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो. आंध शेतकरी आता इतरांसारखाच शेतकरी आहे, मग त्याला वेगळे कुंपण कशाला? या कुंपणामुळे त्याच्या जमिनीला बाजारभाव मिळत नाही, अडीनडीला विकता येत नाही, तो कर्जाला मुकतो. २०२५ मध्ये आदिवासी शेतकऱ्यांना जमीन खासगी पट्ट्याने देता यावी असा विचार राज्य सरकारने मांडला, तोही याच युक्तिवादावर, आणि आदिवासी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. आक्षेपात तथ्य आहे हे नाकारून चालणार नाही. भाव कमी मिळतो हे खरे आहे. पण भाव कमी का मिळतो, हे पाहिले पाहिजे. गिऱ्हाईक कमी आहेत म्हणून. आणि गिऱ्हाईक कमी आहेत म्हणूनच जमीन अजून कुटुंबाकडे आहे. कोरडवाहू शेतकरी जमीन विकतो ती बहुधा लग्न, आजारपण किंवा सलग दोन नापिक्यांनंतर, म्हणजे सौदा करण्याची त्याची ताकद सर्वांत कमी असते तेव्हा. त्या वेळी मिळालेला ‘बाजारभाव’ वर्षभरात संपतो आणि पुढची पिढी ऊसतोडीच्या कोयत्यावर जाते. कर्जाचा प्रश्न कर्जाच्या वाटेने सोडवता येतो. त्यासाठी जमिनीचे कुंपण उपटण्याचे कारण नाही.

दुसरे साधन अधिक मोलाचे आहे आणि हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अधिक दुर्लक्षितही. डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. ३१ डिसेंबर २००७ पासून तो अमलात आला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम निघाले. आपल्या उद्देशिकेतच ‘ऐतिहासिक अन्याय’ मान्य करणारा हा विरळा कायदा आहे. त्याआधीची पार्श्वभूमीही लक्षात घ्यायला हवी: ३ मे २००२ रोजी केंद्रीय वन मंत्रालयाने वनजमिनीवरची ‘अतिक्रमणे’ हटवण्याचे फर्मान काढले आणि देशभर झोपड्या पाडल्या गेल्या, उभी पिके हत्तींकरवी तुडवली गेली. त्या संतापातून हा कायदा आला. तो अनुसूचित क्षेत्रापुरता नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरपर्यंतचा हक्क मिळतो; तो वारसाने जातो, विकता येत नाही, आणि पती-पत्नी दोघांच्या नावावर होतो. त्याहून मोठी गोष्ट सामूहिक हक्काची. गाव ज्या रानात परंपरेने गुरे चारते, तेंदू, मोह, डिंक, सीताफळ, चारोळी गोळा करते, त्या सगळ्या रानाचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क या कायद्याने ग्रामसभेला दिला. हिंगोलीचे जंगल गडचिरोलीसारखे घनदाट नाही. ते तुकड्यातुकड्यांचे, शुष्क पानझडीचे, साग-पळसाचे रान आहे. पण ज्या वाडीपर्यंत कालव्याचे पाणी चढत नाही, तिच्या विहिरीचे पाणी याच रानाच्या उतारावर मुरते. म्हणून रानाचा हक्क म्हणजे तिथे पाण्याचाही हक्क आहे. हा लेख ज्या एका मुद्द्यासाठी लिहिला आहे तो असा: अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या आदिवासींसाठी सामूहिक वनहक्क हा पेसाच्या सर्वांत जवळ जाणारा स्वशासनाचा मार्ग आहे, आणि वैयक्तिक पट्ट्यांच्या मागे धावताना तो हातचा जाऊ देणे परवडणारे नाही.

हा हक्क काय करू शकतो, याचा पुरावा गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आहे. मेंढा-लेखा हे जेमतेम पाचशे वस्तीचे गोंड गाव. त्याची कहाणी धरणापासून सुरू होते, हे विसरले जाते. १९८० च्या दशकात इचमपल्ली आणि तुलतुली ही धरणे गडचिरोलीतली जंगले आणि गावे बुडवणार होती. त्याविरुद्ध लालश्याम शाह, बाबा आमटे यांच्या पुढाकाराने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले आणि ती धरणे बाजूला पडली. त्या लढ्यातून मेंढ्याने एक शहाणपण घेतले: विरोध करायला जमलेले गाव, निर्णय घ्यायलाही जमले पाहिजे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावात अभ्यासगट बसू लागले, निर्णय बहुमताऐवजी सर्वसहमतीने होऊ लागले, आणि ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा भिंतीवर आली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला.

तरी बांबू अडला. जुन्या १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती, म्हणजे तोडला की लाकूड, आणि लाकूड वन खात्याचे. नव्या कायद्याने त्याच बांबूला गौण वनोपज म्हटले होते, म्हणजे तो गावाचा. दोन्ही कायदे एकाच देशाचे आणि बांबूची काठी एकच. तिला वाहतूक परवाना द्यायला खाते तयार नव्हते, कारण परवाना देणे म्हणजे मालकी मान्य करणे. २०११ च्या मार्चमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपजच आहे असे कळवले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्यात वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले गेले. दिसायला साधेच पावतीपुस्तक, पण ट्रक नाक्यावर अडवला गेला तर त्या पावतीवर वनपालाची नव्हे, ग्रामसभेची सही असणार होती. पुढच्या काळात बांबूच्या विक्रीतून मेंढ्याच्या ग्रामसभेकडे एक कोटीहून अधिक रुपये आले. जिल्ह्यातल्या शेकडो गावांनी त्यानंतर तेंदूचे लिलाव स्वतः करायला सुरुवात केली.

यावर पर्यावरणाच्या बाजूने येणारा आक्षेप गंभीर आहे, आणि तो घेणारे सगळेच वन खात्याचे वकील नसतात. हक्क दिले की जंगल तुटेल, मतांसाठी वाटलेले पट्टे उद्याची वाळवंटे होतील, असे त्यांचे म्हणणे. खोटे दावे होतात हे खरेच आहे. तारखेनंतर झाडे तोडून जागा मोकळी करणारेही आहेत. पण याचे उत्तर कायद्याच्या आतच आहे. १३ डिसेंबर २००५ ची तारीख हे पहिले उत्तर, आणि सामूहिक हक्काबरोबर ग्रामसभेवर येणारे संरक्षणाचे कर्तव्य हे दुसरे. प्रत्यक्षातले दाखले पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हक्क मिळाल्यावर तेंदूची तोड बंद केली. तेंदूच्या कोवळ्या पानांसाठी फांद्या छाटतात आणि जमिनीला आग लावतात, त्यात रान करपते. गावाने ती कमाई सोडली आणि बांबूवर भर दिला. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर कायदा येण्याच्या दीड दशक आधीपासून चारशेहून अधिक हेक्टर रान राखून वाढवले. त्या कामासाठी तिथल्या चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. वन खात्याकडे दीडशे वर्षे मालकी होती, आणि गावालगतची राने त्या काळातच उघडी पडली. राखणारा आणि वापरणारा वेगळा असेल, तर वापरणारा चोरून तोडतो आणि राखणारा रात्री झोपतो. दोघे एकच असले तर वेगळे काही घडण्याची निदान शक्यता असते. प्रत्येक गाव पाचगाव होईल असे मी म्हणत नाही. पाचगाव होण्याची संधी प्रत्येक गावाला मिळाली पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

विकासाचा आक्षेप मात्र डोंगरकड्याच्या परिसरात अधिक टोचरा आहे, कारण इथली केळीची बाग हाच त्याचा पुरावा आहे. इसापूर झाले नसते तर हा भाग कोरडाच राहिला असता. हे मान्यच करायला हवे. त्या पाण्याने हजारो शेतकऱ्यांची घरे उभी केली. पण त्या जलाशयाखालीही गावे गेली, आणि त्या काळात बुडणाऱ्या गावाला विचारण्याची रीतच नव्हती. आज त्याच नदीवर खाली, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांच्या सीमेवर, निम्न पैनगंगा धरणाचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. १९९७ मध्ये मंजूर झालेला हा प्रकल्प महाराष्ट्र आणि तेलंगणाचा आंतरराज्य प्रकल्प आहे, आणि बुडीत क्षेत्रात नव्वदहून अधिक गावे येतात, त्यांतली अनेक आदिवासींची. धरणविरोधी संघर्ष समितीने गावोगावच्या ग्रामसभांचे ठराव विरोधात उभे केले. लाखो हेक्टरच्या बागायतीचे आकडे एका पारड्यात आणि चार-पाचशे उंबऱ्यांचे गाव दुसऱ्यात टाकले की निकाल आधीच ठरलेला असतो. म्हणूनच प्रश्न आकड्यांचा न ठेवता संमतीचा केला पाहिजे. संमती मागणे म्हणजे नकारच मिळणे असे नाही. वनहक्क कायद्यातच शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची योजना, लहान कालवा अशा १३ प्रकारच्या सोयींसाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. गावाला रस्ता नको असतो असे कुणी सांगत असेल तर त्याने गाव पाहिलेले नाही.

संमतीचे वजन किती असू शकते हे ओडिशातल्या नियमगिरीने दाखवले. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बॉक्साइटच्या खाणीचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला, आणि त्या उन्हाळ्यानंतर १२ ग्रामसभांनी एकमुखाने खाण नाकारली. नियमगिरी अनुसूचित क्षेत्रात आहे, हे खरे. पण तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींचे सामूहिक आणि देवस्थानाचे हक्क तपासा, असे न्यायालयाने सांगितले ते वनहक्क कायद्याखाली, आणि तो कायदा कळमनुरीतही तोच आहे. त्याला पोखरण्याचे प्रयत्नही चालू आहेत. वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राने २००९ मध्ये बजावले होते. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची मंजुरी आधी आणि हक्कांची पूर्तता नंतर राज्याकडे, असा क्रम उलटा केला. मंजुरी हातात असलेल्या प्रकल्पापुढे ग्रामसभेने नाही म्हणणे आणि मंजुरीआधी नाही म्हणणे, यात फार मोठे अंतर आहे.

अनुसूचित क्षेत्राबाहेर खरी अडचण आणखी एका ठिकाणी आहे, आणि ती कागदोपत्री बारीक वाटली तरी सगळे तिथेच अडते. पेसाच्या भागात एखादा पाडा स्वतःला वेगळे गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो, त्याची ग्रामसभा वेगळी होते. हिंगोलीत गट ग्रामपंचायत असते. तीन-चार वाड्या आणि एक मोठे गाव मिळून एक ग्रामपंचायत, एक ग्रामसभा. वरच्या अंगाच्या वाडीचे रान तिच्या दाराशी असते, पण त्यावरचा ठराव खालच्या गावच्या चावडीत होणार, जिथे वाडीची माणसे संख्येने नेहमीच कमी. २०१२ च्या दुरुस्त नियमांनी वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया अशी अट घातली. वाडीची सभा वाडीत भरली तर ही अट पहाटेच पूर्ण होते. गट ग्रामपंचायतीची सभा भरली तर ती कधीच पूर्ण होत नाही, आणि दावा गणपूर्तीअभावी पडून राहतो. म्हणून वनहक्कासाठी वाडीनिहाय ग्रामसभा ही मागणी तांत्रिक वाटली तरी तीच पहिली मागणी असायला हवी. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनाही त्याच दिशेच्या आहेत.

दुसरी अडचण पुराव्याची. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांच्या कुटुंबांना हटवण्याचा आदेश दिला तेव्हा दहा लाखांहून अधिक दाव्यांचा प्रश्न उभा राहिला. दोन आठवड्यांतच, २८ फेब्रुवारीला, न्यायालयाने स्वतःच तो थांबवला, कारण दावे फेटाळताना रीत पाळली गेली की नाही हेच स्पष्ट नव्हते. अनेक दाव्यांना एकच शेरा असतो: पुरावा अपुरा. दंडाची जुनी पावती नाही, उपग्रहाच्या छायाचित्रात शेत दिसत नाही. पण नियम असे म्हणतच नाहीत. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे, आणि तिच्यातले किमान दोन पुरेसे आहेत. घालून ठेवलेला बांध, सपाट केलेले रान, खोदलेली विहीर, गुरांचे पाणवठे, कंद आणि रानफळे गोळा करण्याच्या जागा, जुन्या वस्तीचे चौथरे, देवाचे झाड, दफनभूमी हे सगळे पुरावे आहेत. उपग्रहाचे चित्र या पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येते, त्यांच्या जागी नाही. आणि या यादीत एक पुरावा असा आहे जो कुठल्याच दप्तरात सापडत नाही: दावेदाराखेरीज गावातल्या वृद्ध माणसाचा लेखी नोंदवलेला जबाब. कुणाच्या आजोबाने कोणत्या दुष्काळात कोणत्या ओढ्याकाठी झिरा खणला, मुनारे घालायला माणसे आली तेव्हा ते रान कोण पेरत होते, गुरे कुठल्या खिंडीतून चढत होती. वनहक्काचा दावा दाखल करायला कायद्याने शेवटची तारीख घातलेली नाही. जबाब देऊ शकणाऱ्या माणसांना मात्र ती आहे. निजामाच्या अमलातले रान पाहिलेली माणसे आज नव्वदीच्या घरात आहेत, आणि कळमनुरीच्या डोंगरातल्या वाड्यांमध्ये अशी दोन-चारच उरली असतील. वनहक्क समितीच्या एखाद्या शिकलेल्या पोराने या उन्हाळ्यात वही घेऊन त्यांच्या ओट्यावर बसायचे, ती सांगतील तसे लिहून घ्यायचे, खाली अंगठा घ्यायचा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.